पैसा टाइलच्या वर की टाइलच्या खाली?
न्हाणीघराची दुरुस्ती: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात बाथरूमच्या नव्या फॅशनवर दोन पानी चित्रमय लेख छापला होता. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता: चित्रे मोठ्या शहरांतली, पाणी मात्र आमच्या बोअरचे. तक्रार रास्त आहे. त्यातली काही पत्रे आणि उत्तरे इथे देत आहोत.

लातूर : आमचे बाथरूम ५ बाय ७ फुटांचे, वीस वर्षांपूर्वीचे. दीड लाखाच्या आत नवे करायचे आहे. मुलाने यादी दिली आहे: भिंतीवर टांगलेला कमोड, रेन शॉवर, मॅट काळे नळ, काचेचे पार्टिशन आणि ४ बाय २ च्या टाइल. पाणी बोअरचे, टाकी गच्चीवर. यातले काय घ्यावे?

यादीतल्या पाचपैकी एकीलाच आम्ही हो म्हणू, आणि तेही अर्धे.

आधी रेन शॉवर. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो: १० मीटर उंचीला साधारण १ बार. तुमची टाकी गच्चीवर, म्हणजे शॉवरच्या तोंडापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत फार तर ६-७ फूट. दाब झाला ०.२ बार. आठ इंची रेन शॉवर नीट पडायला १ बारच्या आसपास दाब लागतो, नाहीतर मधल्या भोकांतून चार धारा येतात आणि कडेची भोके कोरडी राहतात. टाकी ५ फूट उंच चौथऱ्यावर नेली तरी दाब वाढतो जेमतेम ०.१५ बार. मग प्रेशर पंप आला, त्याची वीज आली, आणि मिनिटाला १२-१५ लिटर पाणी गेले. आठ मिनिटांच्या आंघोळीला शंभर लिटर. बादलीने तेच काम वीस लिटरमध्ये होते. ज्या गावाने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्याले, तिथे हा हिशेब कुणाला समजावून सांगायला नको. हँड शॉवर बसवा, आणि बादलीचा नळ जमिनीपासून २० ते २४ इंचांवर ठेवा. हौस राहिलीच तर भिंतीत शॉवरचा पाइप टाकून त्याला प्लग मारून ठेवा. पाइपला पैसे थोडे लागतात, टाइल पुन्हा फोडायला फार.

मॅट काळे नळ कॅटलॉगमध्ये देखणे दिसतात. जड पाण्याचा थेंब वाळला की मागे पांढरा डाग उरतो, तो क्रोमवर लपतो, काळ्यावर उठून दिसतो. डाग काढायला कुणीतरी टॉयलेटचे अॅसिड लावते आणि काळा थरच निघतो. साधा क्रोमचा, पण पितळी अंगाचा नळ घ्या. दुकानात दोन नळ दोन हातांत धरून पाहा: पितळी नळ लगेच जड लागतो, जस्ताच्या मिश्रधातूचा हलका. आतली चकती सिरॅमिकची आहे का, आणि तेवढेच कार्ट्रिज सुटे मिळते का, हे विचारून घ्या. डागांसाठी किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक अॅसिड चमचाभर पेलाभर पाण्यात विरघळवा, कापड भिजवून वीस मिनिटे गुंडाळून ठेवा, धुऊन कोरडे पुसा.

काचेचे पार्टिशन याच कारणाने नको. आंघोळीनंतर रोज रबरी वायपर मारणार असाल तरच काच स्वच्छ राहते. घरात ते कोण करणार, हे आधी ठरवा. त्यामागची कल्पना मात्र चांगली आहे: ओली आणि कोरडी जागा वेगळी करणे. त्यासाठी आंघोळीच्या भागाला एक इंच उंचीची ग्रॅनाइटची पट्टी आणि कमोडच्या बाजूला थोडा उंच ठेवलेला मजला पुरतो.

टांगलेल्या कमोडचा खरा फायदा एकच, खालून फरशी पुसता येते. पाणी तो वाचवत नाही. ३ आणि ६ लिटरचा दुहेरी फ्लश साध्या कमोडलाही मिळतो. तुमची भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे ४ इंची असेल तर नुसते बोल्ट मारून तो बसवू नका. जमिनीवर उभी राहणारी लोखंडी फ्रेम लागते आणि ती ६ ते ८ इंच जागा खाते. भिंतीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह जड पाण्याने अडकतो, तेव्हा तो फक्त बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतून काढता येतो. त्याचे सुटे भाग गावातला डीलर ठेवतो का? नसेल तर सोडून द्या.

जमिनीवरचा कमोड घेताना एक चूक जवळजवळ प्रत्येक साइटवर होते. एस ट्रॅपचा, म्हणजे मैला खाली जमिनीत सोडणारा कमोड ४, ९ किंवा १२ इंचांत येतो (ट्रॅप म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारे वळण). हे अंतर भिंतीपासून मैल्याच्या पाइपच्या मध्यापर्यंतचे. प्लंबर ते उघड्या विटेपासून मोजतो. वर प्लास्टर, मसाला आणि टाइल मिळून सव्वा ते दीड इंच जाते, ९ चे पावणेआठ होते, आणि कमोडची टाकी भिंतीला टेकून भोक जुळत नाही. मोजमाप नेहमी तयार टाइलपासून. आणि जुने भारतीय भांडे काढून तिथे कमोड लावत असाल तर खालचा जुना ट्रॅप काढलाच पाहिजे. कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतो; दोन ट्रॅप एकामागे एक आले की महिन्याभरात तुंबते.

राहिल्या टाइल. ४ बाय २ च्या टाइल भिंतीला लावा, सांधे कमी होतात. जमिनीला नको. नहाणी ट्रॅपकडे चारी बाजूंनी मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार द्यावा लागतो आणि एवढी मोठी टाइल चार दिशांना वाकत नाही. मग एक कोपरा कायम ओला. जमिनीला १ बाय १ फुटाची, आर-१० किंवा आर-११ दर्जाची अँटिस्किड टाइल. मापाचा हिशेब: भिंती २४ फूट गुणिले ७ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट, दरवाजा वजा जाता दीडशे, तुकड्यांसाठी दहा टक्के धरून १६५. जमीन ३५, तुकडे धरून ३९. दुकानदार दोनशे चाळीस सांगेल.

वाचलेला पैसा तुमच्या यादीत नसलेल्या गोष्टींना द्या: जुने लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणारे प्लॅस्टिकचे) पाइप, त्या बाथरूमपुरता वेगळा बॉल व्हॉल्व्ह, वॉटरप्रूफिंग, सहा इंची एक्झॉस्ट पंखा. भिंत बुजवण्याआधी पाइपात हातपंपाने १० किलोचा (साधारण १० बार) दाब भरून काही तास काटा पाहा. काटा उतरला तर सांधा आताच सापडला. मग भिंतीला टेप लावून फोटो काढा. पाच वर्षांनी आरशाला भोक पाडताना तो फोटो उपयोगी पडतो.

छत्रपती संभाजीनगर : तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. खालच्यांच्या छताला ओल येते. ठेकेदार म्हणतो, जुन्या टाइलवरच नव्या टाइल चिकटवू, तोडफोड नको, तीन दिवसांत काम होईल. करावे का?

आधी पाणी कुठून येते ते शोधा. ठेकेदाराचा उपाय गळतीच्या चार कारणांपैकी जेमतेम एकाला लागू पडतो.

पहिली चाचणी फुकटची. बाथरूमचा व्हॉल्व्ह चालू ठेवून आठ-दहा दिवस बाथरूम वापरू नका. ओल तशीच राहिली तर दाबाच्या पाइपला गळती आहे, कारण त्यात चोवीस तास पाणी असते. मग व्हॉल्व्ह बंद करून पाहा. ओल हटायला लागली की खात्री झाली. अशा वेळी फक्त तेवढी भिंत फोडायची.

वापर बंद केल्यावर ओल कमी झाली तर दोष जमिनीत किंवा सांडपाण्याच्या पाइपात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला कपडा भरून नहाणीचे तोंड घट्ट बंद करा आणि जमिनीवर इंचभर पाणी चोवीस तास उभे ठेवा. पाण्यात थोडी नीळ घाला. काही दिवसांनी ओल वाढली तर टाइलचे सांधे किंवा भिंतीचा कोपरा. वाढली नाही तर जमीन कोरडी ठेवून थेट ट्रॅपमध्ये तीन बादल्या ओता. आता ओल आली तर ट्रॅपचा सांधा. शेवटी फक्त कमोड फ्लश करून पाहा. दोन चाचण्यांमध्ये घाई नको. सन्कन स्लॅबमध्ये, म्हणजे बाथरूमखाली मुद्दाम खोल घेतलेल्या स्लॅबमध्ये, ८-१० इंच विटांच्या तुकड्यांचा भराव असतो, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, आणि आज थांबवलेली गळती खाली आठ दिवस दिसत राहते. नीळही बऱ्याचदा त्याच भरावात अडकते, म्हणून खाली निळे दिसले नाही यावरून काही ठरवू नका. ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, तोच पुरावा.

सांधे खराब असतील तर ते खरवडून इपॉक्सी (पाणी न पिणारा, सांधे भरायचा मसाला) भरले तरी भागते. ट्रॅपचा सांधा गेला असेल तर भोवतालची दीड बाय दीड फूट जागा उघडा. टाइलवर टाइल लावून ट्रॅपचा सांधा दुरुस्त होत नाही. वर मजला १२-१५ मिलिमीटर उंचावतो, दरवाजा खालून कापावा लागतो आणि ट्रॅपची जाळी खड्ड्यात जाते.

भरावच पाण्याने भरला असेल तर मात्र सगळे काढा. स्लॅबपर्यंत साफ करून पाइप बदला. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटची दोन इंची गोलाई करा. पॉलिमर-सिमेंटचे कोटिंग दोन हात, दुसरा हात पहिला वाळल्यावर आडवा. कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी. वाळल्यावर पाण्याची चाचणी ४८ तास. मग भराव, त्यावर उताराचा कोबा, आणि कोब्यावर पुन्हा कोटिंग: भिंतीला एक फूट चढवून, शॉवरच्या भिंतीला ६ फुटांपर्यंत. पुन्हा पाणी उभे करून पाहा. टाइल त्यानंतर, अॅडेसिव्हने. तीन दिवसांचे हे काम नव्हे, दोन ते तीन आठवड्यांचे आहे.

पाण्याची चाचणी हा टप्पा नेमका गाळला जातो. "नळाला पाणी नाही, टँकरचे पाणी असे उभे करायचे का?" असे सांगतात. ३५ चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे ऐंशी लिटर, चार-पाच बादल्या. चाचणी झाली की तेच पाणी कोब्याला मारता येते. चाचणी झाल्याशिवाय त्या टप्प्याचे पैसे देऊ नका.

जालना : गवंडी म्हणतो, इपॉक्सीला पैसे कामून घालता, पांढरे सिमेंट भरतो. त्याचे ऐकावे का?

निम्मे ऐका. जमिनीला आणि भिंतीच्या खालच्या तीन फुटांना इपॉक्सी, वर सिमेंटचे ग्राउट. दीड फुटी टाइल आणि २-३ मिलिमीटर सांधा धरला तर ५ बाय ७ च्या सगळ्या बाथरूमला ३-४ किलो इपॉक्सी लागेल, अशा वाटणीत निम्मीच. सिमेंटचा सांधा पाणी पितो आणि काळा पडतो. इपॉक्सी पीत नाही. पण घाईत केलेली इपॉक्सी सिमेंटहून वाईट. सांधे पूर्ण खोलीपर्यंत साफ आणि कोरडे हवेत. पाकिटातले भाग पाकिटाप्रमाणेच मिसळायचे, अंदाजाने नाही. उन्हाळ्यात ते फार लवकर घट्ट होते, म्हणून सकाळी लवकर आणि थोडे थोडे कालवा. टाइलवर राहिलेला चिकट थर पंधरा-वीस मिनिटांत ओल्या स्पंजने पुसला नाही तर तो कायमचा.

बीड जिल्हा : आमच्या गावच्या घरी दोन खड्ड्यांचे शौचालय आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून भांडे काढून कमोड बसवायचा विचार आहे. माती काळी आहे. घरात पाच माणसे.

कमोड बसवू नका; आईची सोय दुसऱ्या रीतीने होते.

तुमचे ग्रामीण भांडे तीव्र उताराचे आणि पाण्याची सील फक्त २० मिलिमीटरची असते, म्हणून ते दीड-दोन लिटरमध्ये साफ होते. काळी चिकण माती मात्र पाणी फार हळू पिते: खड्ड्याच्या भिंतीच्या दर चौरस मीटरला दिवसाला साधारण १० लिटर. वाळूत हेच पन्नासवर जाते. एक मीटर व्यासाच्या आणि एक मीटर वापरत्या खोलीच्या खड्ड्याची भिंत होते ३.१४ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला ३१ लिटर (दोन खड्ड्यांपैकी एका वेळी एकच चालू असतो). पाच माणसे भांडे वापरतात तेव्हा धुण्याचे पाणी धरून माणशी सहा लिटर, एकूण तीस. कसेबसे जमते. कमोडला एक मोठा आणि तीन छोटे फ्लश धरले तर माणशी पंधरा लिटर, धुण्याचे वेगळे. एकूण ऐंशीच्या घरात. पावसाळ्यात खड्डा तुंबून उलटे पाणी येणार. आंघोळीचे पाणीही त्या खड्ड्यात सोडलेले असेल तर ते आधी तोडून वेगळ्या शोषखड्ड्याकडे न्या.

औषधी साहित्याच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते. मधून उघडी, खालचे भांडे काढून टाकता येईल अशी घ्या आणि आहे त्या भांड्यावर उभी करा. घेण्याआधी पायांतले अंतर आणि भांड्याच्या पायठ्यांची रुंदी टेपने मोजा. चारही पाय सपाट फरशीवर आले पाहिजेत, पायठ्यावर चढता कामा नयेत. पायांना रबरी बूट हवेत. बसायची उंची १७ ते १८ इंच. उजव्या हाताच्या भिंतीला ३०४ स्टीलचा दीड इंची दांडा, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. तो टाइलला नव्हे, विटेत अँकर बोल्टने धरलेला हवा. बसवल्यावर तुम्ही स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून पाहा. आणि दरवाजा बाहेर उघडेल असा फिरवून घ्या. आत माणूस पडले तर आत उघडणारा दरवाजा त्याच्याच अंगाने अडतो.

नांदेड : गीझरची कॉइल दरवर्षी जाते. टीडीएस मीटरवर ११०० येते. सॉफ्टनर लावू का? विक्रेता म्हणतो, टीडीएस निम्मा होईल.

होणार नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात, मीटर तोच आकडा दाखवतो. जडपणा वेगळा मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो असे धरले आहे. पाण्याचा नमुना तपासून घ्या, मग ठरवा. सॉफ्टनर मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो, ते खारे पाणी वाया जाते आणि झाडांना चालत नाही. म्हणून साऱ्या घराला न लावता फक्त गीझरच्या लाइनला लावा, किंवा पॉलिफॉस्फेटचे (क्षार चिकटू न देणारे) छोटे कार्ट्रिज बसवून पाहा.

त्याआधी फुकटचा उपाय: थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा. ६० च्या वर क्षार भराभर बसतात. वर्षातून एकदा झाकण उघडून कॉइल साफ करा आणि मॅग्नेशियमचा दांडा पाहा; तो पेन्सिलीएवढा झिजला असेल तर बदला, नाहीतर त्याच्याऐवजी टाकी गंजते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. कॉइल फुटून पाण्यात करंट उतरतो तेव्हा वाचवतो तो हाच.

परभणी : पाहुण्यांच्या बाथरूममधून उन्हाळ्यात वास येतो. फिनाइल टाकून थकलो.

ट्रॅपमधले दोन इंच पाणी वाळते. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. लांब गावाला जाताना वर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी हळू उडते. पाणी असूनही वास असेल तर बेसिनचा किंवा वॉशिंग मशीनचा पाइप ट्रॅप चुकवून थेट मोठ्या पाइपात जोडला आहे का पाहा. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की तुमच्या ट्रॅपमध्ये गुडगुड होते? मग हवेचा पाइप बंद पडला आहे.

धाराशिव : सोलरचे गरम पाणी यायला फार वेळ लागतो, तोवरचे पाणी वाया जाते.

पाऊण इंची पाइपच्या २० मीटर लांबीत साधारण पाच लिटर पाणी थंड होऊन बसलेले असते. एकाच बाथरूमची लाइन असेल तर ती अर्ध्या इंची करा, हे पाणी निम्म्यावर येते; धार थोडी बारीक होईल, हे धरून चाला. गच्चीवरच्या पाइपला फोमचे आवरण घाला. तोवर ते पाणी बादलीत धरा. आणि प्रेशर पंप लावलाच तर तो एकट्या थंड लाइनला लावू नका: मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटे शिरते आणि दोष सोलरवर येतो.

अंबाजोगाई : जुन्या घरातली मोरी शहाबादी फरशीची आहे. मुले म्हणतात, काढून टाइल लावा. मला पटत नाही.

आम्हालाही नाही. खरबरीत शहाबादीवर पाय घसरत नाही, आणि बादली आपटली तरी टाइलसारखा टवका उडत नाही. ती चुनखडीचा दगड आहे, म्हणून अॅसिड मात्र कधीही नको. फेस येतो तो दगड विरघळल्याचा. डाग ब्रश आणि साबणाने काढा. बिघडलेले असतात ते सांधे. ते इंचभर खोल खरवडा, धुवा, आणि एकास तीन सिमेंट-वाळूत वॉटरप्रूफिंगचे द्रव मिसळून दाबून भरा, आठ दिवस ओले ठेवा. खचलेल्या फरशा तेवढ्या उचलून खालचा उतार नीट करून पुन्हा बसवा. उचलण्याआधी प्रत्येकीवर खडूने क्रमांक टाका. जुन्या फरशा हाताने घडलेल्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.